अव्वाला नमस्कार सांगा

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोच्या शेवटच्या दुखण्यात ती एकदा म्हणाली, "तुमच्या पोटात कायतरी हाय. काढून टाका की एकदा." मी म्हणालो, "अपचन झालंय." असा मी! सिद्धेश्वराच्या देवळात जातो, हात जोडतो, आणि तिथंसुद्धा भलतंच मागून येतो — गुडघेदुखी थांबू दे म्हणून. तुमची-माझी ना ओळख ना पाळख, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती नाही, हे आधीच कबूल करतो.

माझ्या टेबलाच्या खणात, लाइटबिलांच्या खाली, एक पत्र आहे. कन्नडमधलं. निळ्या शाईचं, घडीवर फाटलेलं. ते माझं नाही. ज्याचं आहे त्याला मी ते — नाही, थांबा. क्रमानं सांगतो. उलटंसुलटं सांगायला लागलो तर त्यातून सुटायची वाट मीच काढीन. मला मी चांगला ओळखतो.

एकाहत्तर साली मी इथं सोलापुरात तुरुंगाच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. आमचं घर तेव्हा नवी पेठेमागच्या बोळात होतं. घरात कन्नड, बाहेर मराठी. आईशी भांडायचं कन्नडमध्ये आणि पाढे म्हणायचे मराठीत. शाळा मराठी, त्यामुळं कन्नड जन्मापासून बोलत आलो तरी त्या लिपीतलं एक अक्षर मला ओळखू येत नव्हतं. नुसत्या जिलब्या दिसायच्या. यात लाज कसली? आमच्या बोळात निम्मे लोक तसेच होते. पण नोकरीच्या अर्जात 'अवगत भाषा' असा रकाना होता, आणि मी ऐटीत लिहून दिलं — मराठी, हिंदी, कन्नड.

कैद्याला आलेलं पत्र आधी कचेरीत वाचायचं, त्यावर 'तपासले' असा शिक्का मारायचा, खाली सही करायची, मगच ते त्याला द्यायचं, असा नियम. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचूनही दाखवायचं. कन्नड पत्रं मात्र महिनोन्महिने पडून असायची, कारण बोलणारे ढीगभर आणि वाचणारा एक नाही. आमचे साहेब नागपूरकडचे. त्यांनी एक दिवस मला बोलावलं. "तुम्ही कन्नडवाले ना हो? वाचता येतं?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. "येतं की, साहेब!"

नाही म्हणालो असतो तर काय झालं असतं? काहीही नाही! साहेबांनी बाहेरून एखादा मास्तर बोलावला असता. नोकरी कायम व्हायची होती, साहेबांपुढं मान वर करायची होती, बस्स. एवढ्याशा गोष्टीसाठी. मला अजूनही वाटतं, निदान मोठ्या लोभापायी तरी हे पाप झालं असतं तर बरं होतं.

त्या गठ्ठ्यात पहिलंच पत्र शरणप्पाचं होतं. शरणप्पा अक्कलकोटकडच्या एका खेड्यातला, जन्मठेपेचा कैदी. मोठ्या तुरुंगातून चार-सहा जुने कैदी आमच्याकडं कामाला पाठवले होते, त्यात हा आलेला. स्वयंपाकघरात असायचा. दिवसभर भट्टीपुढं भाकरी थापायच्या आणि संध्याकाळी मोजून बराकीत बंद व्हायचं. बराक म्हणजे काय, ते तुम्ही बघितलेलं नसणार. पाठीला पाठ लावून माणसं झोपायची. रात्रीच्या विधीला कोपऱ्यात एक मडकं, आणि नव्या माणसाची जागा त्या मडक्याशेजारी. दोन सालांची शिक्षा झालेला माणूस निदान दिवस मोजतो. जन्मठेपवाल्यानं काय मोजायचं?

बांधाच्या भांडणात शरणप्पानं कुऱ्हाड घातली होती — बायकोच्या सख्ख्या भावाच्या डोक्यात. कधी नाकारलं नाही त्यानं. "माज्या हातानंच झालं," म्हणायचा आणि हाताकडं बघायचा. बायको कधी भेटीला आली नाही. कशी येणार? पण घर सोडूनही गेली नाही, सासूजवळच राहिली. तो आत गेला तेव्हा ती पोटुशी होती. झालेली मुलगी नीलव्वा गावच्या कन्नड शाळेत लिहायला शिकली आणि न पाहिलेल्या बापाला पत्रं लिहायला लागली. आणि तिकडं त्याची म्हातारी आई. तिला तो अव्वा म्हणायचा. त्याच्या बोलण्यात दर दुसरा शब्द अव्वा.

तर मी त्याला कचेरीच्या दारात बसवलं. पीठ लागलेले हात त्यानं चड्डीला पुसले. "ओद्री साहेब," म्हणाला — वाचा साहेब. मी पत्र उलगडलं. जिलब्याच जिलब्या! आणि मी वाचायला लागलो. घडाघडा, चांगल्या कन्नडमध्ये. अव्वा बरी आहे. नीली शाळेत पहिली आली. म्हैस व्याली, रेडी झाली. तुमची काळजी करतो, आमची करू नका.

तो रडला. म्हणाला, "साहेब, म्हशीचं परत एकदा वाचा."

मी परत वाचलं! दुसऱ्यांदा म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपकासुद्धा आला. तुम्हाला हसू येईल. मलाही आलं होतं तेव्हा. वाटलं, बिचारा खूश झाला, माझंही निभावलं, कुणाचं काय बिघडलं?

महिन्या-दोन महिन्यांनी पत्र येत राहिलं आणि मी वाचत राहिलो. खरं सांगू? मला त्याची गोडी लागली. बहात्तरच्या दुष्काळात सगळा जिल्हा खडी फोडायला गेला, विहिरींचे तळ दिसायला लागले, आणि मी वाचतोय — आपल्याकडं पाऊस बरा आहे! मागचं-पुढचं कुठलं लक्षात राहायला? तोंडून निघून गेलं. शरणप्पा बराकीत सांगत फिरला, "आमच्या गावावर देवाची लई किरपा." बाकीचे कैदी त्याची चेष्टा करायचे. तो चिडायचा नाही. कागदावर लिहिलेलं खोटं कसं असेल?

त्याच उन्हाळ्यात एक पत्र आलं, त्यातली शाई जागोजाग फुटलेली होती. मला वाटलं, पोस्टात पाणी लागलं असेल. अहो, दुष्काळात पोस्टात पाणी कुठलं? एवढंही डोक्यात आलं नाही. मी वाचलं, अव्वा ठणठणीत आहे, दोन भाकरी जास्त खाते.

उत्तरंही मीच लिहायचो. तो कन्नडमध्ये सांगायचा, मी कार्डावर मराठीत उतरवायचो, तिकडं तलाठ्याकडून वाचून घेतील म्हणून. पोरीनं काय विचारलंय ते मला माहीत नाही, त्यालाही नाही. त्यामुळं दर कार्ड तेच. मी खुशाल आहे. नीली, अभ्यास कर. आणि शेवटी, न चुकता, अव्वाला माझा साष्टांग नमस्कार सांगा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! हे असं चार वर्षं चाललं.

पंच्याहत्तर साली चांगल्या वागणुकीबद्दल मिळालेले माफीचे दिवस धरून त्याची सुटकेची फाइल वर निघाली. जन्मठेपवाल्याला मुदतीआधी सोडायचं तर सरकार विचारतं — वागणूक कशी, गावात वैर उरलंय का, आणि घरचे त्याला घ्यायला तयार आहेत का. वागणुकीत त्याला बोट ठेवायला जागा नव्हती. गावातलं वैरही निवलं होतं. राहिला घरच्यांचा जबाब. शरणप्पाला खात्रीच होती. चार वर्षं मी त्याला वाचून दाखवत होतो ना, घरचे कसे वाटेकडं डोळे लावून बसलेत ते! कांबळं धुऊन, घडी करून ठेवलं त्यानं. जायच्या दिवशी स्वच्छ असावं म्हणून.

पोलीस ठाण्याचा अहवाल आला तो आधी माझ्याच टेबलावर. त्यात लिहिलं होतं — कैद्याची आई तीन वर्षांपूर्वी मयत आहे. मुलीनं ते वेळोवेळी कळवलं. तरीही कैदी दर पत्रात मयत आईस नमस्कार पाठवतो. त्याचं डोकं ठिकाणावर नाही, अशी बायको व मुलीची समजूत झाली आहे. आधीच घरात एक खून झालेला आहे. त्यांना भीती वाटते. कैद्याला घरात घेण्यास तयार नाहीत.

मी तो कागद तीनदा वाचला. मराठीत होता ना, वाचता येत होता!

आता बघा. इथवर मी फक्त खोटारडा होतो. इथून पुढं जो झालो त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. साहेब पलीकडच्या खोलीत चहा पीत होते. मधे एक पडदा. उठायचं आणि सांगायचं — साहेब, हा माणूस शहाणा आहे, वेडेपणा माझा आहे. माझी नोकरी गेली असती, फार तर बदली झाली असती. तो माणूस घरी गेला असता. तागडीत दुसरं काहीच नव्हतं हो. एवढंच होतं.

मी कागदाला भोक पाडलं, दोरा ओवला आणि फाइल बांधून पुढं पाठवली.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्र्याहत्तरला माझं लग्न झालं होतं. बायको अक्कलकोटची, कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. ओसरीवर बसून रोज कन्नड पेपर वाचायची, मोठ्यानं. एक पत्र खिशात घालून घरी नेलं असतं, तर तिनं भाजी निवडता निवडता वाचून दाखवलं असतं. पण तिला बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांपुढं मी फुशारकी मारली होती — कचेरीतली कन्नड पत्रं सगळी मीच वाचतो. मग तिला कसं सांगणार? तिच्यापुढं नाक खाली होऊ नये म्हणून एक माणूस तुरुंगात राहिला. हे सांगताना मला माझीच किळस येते.

सुटका नामंजूर झाल्याचा कागद आला. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "माजं काय चुकलं, साहेब?"

"सरकारचं काम आहे, शरणप्पा. त्याला कोण विचारणार?"

"अव्वा वाट बघून मरंल की वो."

मी खाली मान घालून शाईची दौत पुसत बसलो.

त्या वेळी आणीबाणी होती. तुरुंग राजकीय लोकांनी भरून गेला होता. त्यांत सीमेकडचे एक मास्तर होते, कन्नड-मराठी दोन्ही सफाईनं वाचणारे. संध्याकाळी कैद्यांना अक्षरं शिकवायचे. ते आले त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. चोराच्या मनात चांदणं! आणि एक दिवस शरणप्पा स्वतःच येऊन म्हणाला, "साहेब, मन लई उदास हाय. उद्या मास्तरांकडनं जुनी पत्रं सगळी पुन्यांदा वाचून घेतो. तुमाला किती तरास द्यायचा?"

मला त्रास नको म्हणून! कळतंय का तुम्हाला? माझ्या काळजीपोटी तो हे सांगायला आला होता.

मी हवालदाराला बाजूला घेतलं. म्हणालो, तो भाकरीवाला राजकीय लोकांची चिठ्ठीचपाटी करतो असं कानावर आलंय, झडती घ्या. त्या दिवसांत एवढं पुरेसं होतं. दुपारी झडती झाली. त्याच्या उशाच्या फडक्यात चार वर्षांची पत्रं निघाली, सगळ्यांवर माझाच शिक्का, माझीच सही. 'तपासले.' तपासणीसाठी म्हणून ती परत माझ्याच टेबलावर आली. मी ती स्वयंपाकघरात नेली आणि भट्टीत घातली. ज्या भट्टीवर तो भाकऱ्या भाजायचा त्याच. साहेबांना सांगितलं, आक्षेपार्ह होती.

सगळ्यात वरचं एक तेवढं खिशात राहिलं. का ठेवलं? दया म्हणून नव्हे. हवालदार आत आला आणि मी घाईनं खिशात कोंबलं, इतकंच.

शरणप्पाचं काम गेलं. त्याला एकट्याला कोठडीत टाकलं. वाकून उभं राहावं लागेल अशी ती जागा. तिथून तो ओरडायचा, "माजी पत्रं द्या." दुसरं काही मागत नव्हता, भाकरीसुद्धा नाही. "माजी पत्रं द्या." कचेरीपर्यंत ऐकू यायचं. मी खिडकी लावून घ्यायचो. आठवड्यानं तो गजांवर डोकं आपटायला लागला. डॉक्टर आले, त्यांनी लिहिलं की मनावर परिणाम झाला आहे. म्हणजे माझ्यामुळं जे कागदावर खोटं चढलं होतं, ते मी खरं करून दाखवलं. चौदा-पंधरा वर्षांत तुरुंगानं त्याचं जे मोडलं नव्हतं ते मी मोडलं.

त्याला मोठ्या तुरुंगात परत न्यायचं ठरलं, तिथून वेड्यांच्या इस्पितळात. फाटकाशी गाडीत बसवताना त्यानं मला पाहिलं. कपाळाला पट्टी होती. मला वाटलं, आता शिव्या देणार. देऊ दे, असंही वाटलं. तर हात जोडून म्हणाला, "साहेब, या म्हैन्याचं कार्ड तेवडं टाका. अव्वाला नमस्कार सांगा. कार्ड न्हाय गेलं तर घोर लावून घेती ती."

मी म्हणालो, "टाकतो."

त्याची आई गेली हे त्याला मी तेव्हाही सांगितलं नाही. पुढं त्याचं काय झालं हे मला माहीत नाही, कारण मी कधी विचारलं नाही. कचेरीतून एका फोनवर कळलं असतं. मी पुढं हेडक्लार्क झालो, जुळे सोलापुरच्या नव्या वस्तीत फ्लॅट घेतला, निवृत्त झालो. निरोपसमारंभात एकजण भाषणात म्हणाला, कैद्यांची पत्रं ते किती आपुलकीनं वाचून दाखवायचे! टाळ्या पडल्या. मी हार घालून घेतला.

बायको गेल्यावर मी अक्कलकोटच्या बसस्टँडाजवळून कन्नड अंकलिपी आणली. दुकानदाराला म्हणालो, नातवाला पाहिजे. या वयात अक्षर डोक्यात राहत नाही. अख्खा पावसाळा त्यात गेला. मग ते पत्र काढलं आणि एकेक अक्षर लावत बसलो. त्यावर माझा शिक्का होता. ज्याची सही असते त्यानं पत्र वाचलेलं असतं. मी ते त्या दिवशी वाचलं. ठाण्याचे लोक घरी येऊन जबाब घेण्याच्या जरा आधीचं ते पत्र. पोर तेरा वर्षांची असेल. तिनं लिहिलं होतं —

अप्पा, आज्जी गेली हे मी तुम्हाला चार वेळा लिहिलं. तरी तुम्ही तिला नमस्कार सांगता. आई म्हणते, त्यांचं डोकं फिरलं आहे, आता मला भीती वाटते. मी म्हणते, नाही. पोलीस विचारायला येणार आहेत. त्याआधी एकच ओळ लिहा, आज्जी गेली हे कळलं म्हणून. दुसरं काही लिहू नका. तेवढी एक ओळ आली की आई हो म्हणणार आहे. तिनं मामाच्या फोटोपुढं तसं सांगितलं आहे. मग मी आणि आई तुम्हाला न्यायला येतो.

हे पत्र मी त्याला वाचून दाखवलं होतं. काय वाचलं होतं तेही आठवतं. सगळे मजेत आहेत, अव्वा तुमची आठवण काढते, ज्वारी चांगली आली. तो हसला होता आणि म्हणाला होता, लिहा साहेब, अव्वाला नमस्कार. आणि मी लिहिलं.

सासुरवाडीला जाताना त्याच्या गावाचा फाटा लागतो. एसटी थांबते, दोन-चार माणसं उतरतात. नीलव्वा असेल अजून, कुठंतरी दिली असेल. पत्र मी प्रत्येक वेळी खिशात घालून नेतो. कंडक्टर विचारतो, फाट्यावर कोण हाय का? मी खिशावर हात दाबून बसून राहतो. तो घंटी मारतो.